अजात व नवजात यांविषयींचा दंडविधि : मावळच्या घाटवाटेवरून एक अवलोकन

मूल जन्मास येण्यापूर्वीं व जन्मल्यानंतर पहिल्या कांहीं दिवसांत त्याच्या देहावर वैद्यानें काय करावें व काय करूं नये, हें ठरविणारे दंडविधि आपल्या प्रांतांत कसकसे उत्पन्न झाले, याची हकीकत एका ठिकाणीं मांडावी, असा या लेखाचा हेतु आहे. हा विषय वकिलांचा किंवा वैद्यांचा आहे, इतिहासाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु समाज कोणास अपराधी समजतो व कोणास मोकळा सोडतो, हें ज्या कागदांवरून स्पष्ट दिसतें ते कागद इतिहासाचेच होत.

हें विवेचन करतांना आम्हीं मावळ तालुका व लोणावळें-खंडाळें हा टापू मुद्दाम नजरेसमोर ठेविला आहे. मुंबईंत निघालेलें औषध, यंत्र किंवा कायद्याचें कलम देशावर येतें तें बहुधा बोरघाट चढूनच. आणि अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तीन खोऱ्यांतील गर्भिणीस वैद्य गांठावयाचा झाला, तर कामशेत, वडगांव, तळेगांव किंवा लोणावळें यांच्या दिशेनें त्याच वाटेवर उतरावें लागतें. तेव्हां राजधानींत केलेल्या नियमाचा भार शेवटीं कोणाच्या अंगावर पडतो, हें पाहण्यास ही जागा सोयीची आहे.

आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें : आपल्याकडील दंडविधीनें प्रथम शंभराहून अधिक वर्षें आईला आरोपी मानिलें. पुढें गर्भाच्या तपासणीची विद्या आली, तिचा व्यापार झाला, आणि मग कायद्याचें बोट आईवरून उचललें जाऊन वैद्याच्या हाताकडे वळलें. हें वळणें योग्यच होतें. पण तें अद्याप पुरें झालेलें नाहीं.

१

प्राचीन धर्मशास्त्रांत भ्रूणहत्या हें अत्यंत घोर पातक मानिलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत गर्भ पाडणाऱ्यास उत्तम साहसाचा, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा दंड सांगितला आहे. स्मृतिकारांची दृष्टि पातक व प्रायश्चित्त यांवर होती. लोकाचार मात्र नवजाताच्या भयाभोंवतीं गुंफिला गेला. पांचव्या दिवशीं पांचवी पुजावयाची, सटवाईनें मुलाच्या कपाळीं लिहून जावें म्हणून दिवा तेवत ठेवावयाचा, हे आचार मावळांतील वाड्यावस्त्यांवरहि घरोघर चालत आले. पहिला आठवडा हाच मुलाच्या जिवाला सर्वांत धोक्याचा असतो, ही गोष्ट आजचें वैद्यक आंकड्यांनीं सांगतें. आपल्या आजीबाईंनीं ती देवीच्या नांवानें जाणली होती.

वैद्यकाचा पहिला मोठा प्रयोग आपल्या प्रांतांतील लेंकरांवर झाला तो देवीच्या लशीचा. इंग्लंडांत जेन्नरनें गोस्तनदेवीच्या लशीचें पुस्तक इ.स. १७९८ सालीं प्रसिद्ध केलें. चारच वर्षांनीं, १४ जून १८०२ रोजीं, मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी लस होय. त्या काळीं लस कुपींत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडांतील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडांत घालावा लागे. या मुलीच्या दंडांतून मुंबईंतील इतर मुलांस आणि पुढें पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास येथें लस गेली. याच वर्षाच्या अखेरीस यशवंतराव होळकरांकडून हडपसरास पराभव पावून दुसरे बाजीराव पुणें सोडून निघाले व वसईचा तह झाला. त्या तहाविषयीं आपण पुष्कळ लिहिलें आहे. पण ज्या बालकांच्या दंडांतून ही विद्या देशभर गेली त्यांचीं नांवें, एक सोडून, इतिहासास ठाऊक नाहींत. त्यांची संमति कोणी विचारली नाहीं, आणि विचारावी असा नियमहि तेव्हां नव्हता.

या क्षेत्रांत दंडविधि आला तो बराच मागाहून. मुंबई शहरापुरता इ.स. १८७७ चा पहिला कायदा झाला. त्यानें देवीच्या खऱ्या फोडांतील द्रव टोंचण्याची जुनी चाल बंद केली व मुलांस गोस्तनलस टोंचणें सक्तीचें केलें. इ.स. १८८० च्या तेराव्या कायद्यानें हीच सत्ता इतर कांहीं नगरपालिका व लष्करी छावण्या यांच्या हद्दींत लागू करण्याची सोय केली. लहान मुलाच्या देहावर अमुक वैद्यकी कृति केल्यास गुन्हा, आणि अमुक न करवून घेतल्यासहि गुन्हा, असें ज्यांत लिहिलें आहे असे हे आपल्याकडील आरंभींचे कायदे होत. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कायद्यानें विद्येस अडविलें नाहीं. धोक्याची रीत अडविली व तिच्या जागीं सुरक्षित रीत आणिली. हा धडा पुढें उपयोगी पडणार आहे.

२

लशीच्या कायद्याचा रोख टोंचणाऱ्यावर होता. गर्भाच्या बाबतींत दंडविधीचा रोख निराळाच होता. हिंदी दंडसंग्रह इ.स. १८६० सालीं मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आला. त्याचीं ३१२ ते ३१८ हीं कलमें गर्भपात, जन्मतःच मूल मारणें, मूल टाकून देणें आणि जन्म लपविण्यासाठीं प्रेताची गुप्त विल्हेवाट लावणें यांसंबंधीं आहेत. कलम ३१२ प्रमाणें गर्भपात घडविणारास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भांत हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. मातेचा जीव वांचविण्यासाठीं सद्‌बुद्धीनें केलेली कृति तेवढी वगळली. त्याखालींच स्पष्टीकरण जोडलें कीं, स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीहि या कलमाखालीं येते. गर्भ ज्याच्यामुळें राहिला त्या पुरुषाचा उल्लेख मात्र या कलमांत कोठेंहि नाहीं.

याचा परिणाम पुण्यास लवकरच दिसला. काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं कामास होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला गर्भ राहिला. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल झालें, व लोकलज्जेनें तिनें तें मारून विहिरींत टाकिलें. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकीकत फुल्यांनीं ४ डिसेंबर १८८४ रोजीं सरकारास धाडिलेल्या पत्रांत दिली आहे. या प्रकरणानंतर त्यांनीं व सावित्रीबाईंनीं इ.स. १८६३ सालीं आपल्या घरींच बालहत्याप्रतिबंधक गृह काढिलें. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व सुरक्षित बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें, अशा अर्थाच्या सूचना त्यांनीं गांवांत लाविल्या.

त्याच इ.स. १८६३ सालीं बोरघाटांतील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई व पुणें रुळांनीं जोडलीं गेलीं. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतची गाडी इ.स. १८५८ पासून चालूंच होती. घाट फोडण्याचें काम आमच्या सर्व इतिहासग्रंथांत आलें आहे. या गृहाचें काम मात्र बरीच वर्षें तितकेंसें आलें नव्हतें. फुल्यांच्या पत्रांतील आंकडा असा कीं, तोंपर्यंत पस्तीस विधवा तेथें बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं पांच जगलीं. बाकीचीं गर्भावस्थेंत आयांनीं घेतलेल्या विषारी औषधांच्या परिणामानें दगावलीं. या एका वाक्यांत कायद्याचें सारें अपयश आलें आहे. कलम ३१२ च्या भयानें औषध घेणें थांबलें नाहीं. तें चोरून घेतलें जाऊं लागलें, आणि अर्धवट विषानें आई व मूल दोघेंहि पोळलीं. याच गृहाशीं ज्याचा जन्म निगडित होता तो यशवंत फुल्यांनीं दत्तक घेतला. तो पुढें डॉक्टर झाला, आणि इ.स. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंच्या प्रेरणेनें त्यानें रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच सेवेंत सावित्रीबाईंचा अंत झाला. दंडसंग्रहाच्या दृष्टीनें ज्याचा जन्म लपविण्याजोगा, तोच इतरांचे जीव वांचवीत होता.

पुढें इ.स. १८७५ सालीं पंढरपुरांत लालशंकर उमियाशंकर यांच्या खटपटीनें अनाथ अर्भकांसाठीं आश्रम निघाला. इ.स. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली व अपीलांत ती कमी होऊन जन्मठेपेवर आली. त्या वेळीं वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जो शब्दांचा मारा झाला, त्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं इ.स. १८८२ सालीं पुण्यांत छापिलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकानें उत्तर दिलें. त्यांचा मूळ प्रश्न आजहि शिळा झालेला नाहीं : अपराध दोघांचा, तर दंड एकटीस कां?

३

संशोधनासाठीं मनुष्यदेह वापरावयाचा, तर त्या मनुष्याची संमति हवी, हा विचार जगांत रुळावयास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. आमच्या टापूंत याचें एक चांगलें उदाहरण आहे. स्वामी कुवलयानंद यांनीं इ.स. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. तेथें आसनें, प्राणायाम, उड्डियान व नौलि यांचे शरीरावर काय परिणाम होतात, हें क्षकिरणें व दाबमापक यंत्रें लावून पाहिलें, आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकांतून प्रसिद्ध केले. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले ते वयांत आलेले साधक होते व ते आपण होऊन पुढें येत. संशोधन व संमति यांचा मेळ अशा ठिकाणीं सहज बसतो. गर्भाच्या किंवा दोन दिवसांच्या मुलाच्या बाबतींत तो बसत नाहीं. त्याच्या वतीनें दुसऱ्यानेंच बोलावें लागतें, आणि तो दुसरा कोण, येथें सारी अडचण आहे.

दुसऱ्या महायुद्धांतील नाझी वैद्यांच्या खटल्यानंतर इ.स. १९४७ सालीं न्यूरेंबर्ग येथें प्रयोगासाठीं संमतीचा दंडक घालून दिला गेला, आणि इ.स. १९६४ सालीं जागतिक वैद्यक संघटनेनें हेलसिंकी येथें त्याचा विस्तार केला. याच काळांत थॅलिडोमाइड या औषधानें युरोपांत सहस्रावधि मुलें अपंग जन्मलीं. गर्भिणीवर औषध न तपासतां तें विकणें किती घातक, हें त्यांतून कळलें.

परंतु केवळ फौजदारी धाकानें संशोधन आंवरूं पाहिलें असतां काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. बॉस्टन येथील कांहीं डॉक्टरांनीं गर्भपात करवूं इच्छिणाऱ्या स्त्रियांस, त्यांच्या संमतीनें, आधीं प्रतिजैविक औषध देऊन तें गर्भापर्यंत पोहोंचतें कीं नाहीं हें तपासलें. पेनिसिलिन न सोसणाऱ्या गर्भिणींच्या पोटांतील मुलास उपदंशापासून वांचवितां येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. इ.स. १९७३ सालीं निबंध प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षीं चौघां डॉक्टरांवर इ.स. १८१४ च्या, थडगीं उकरून प्रेतें चोरण्याविरुद्धच्या कायद्याखालीं आरोप ठेवण्यांत आला. पुढें अनेक राज्यांनीं गर्भावरील प्रयोगांस बंदी करणारे फौजदारी कायदे केले. त्यांपैकीं इलिनॉय राज्याचा कायदा इ.स. १९९० सालीं न्यायालयानें संदिग्ध म्हणून रद्द ठरविला. प्रयोग कोठें संपतो व उपचार कोठें सुरू होतो, हें ज्या कायद्यावरून वैद्यास कळत नाहीं, तो कायदा गर्भाचें रक्षण करीत नाहीं. तो फक्त वैद्यास भिववितो.

४

आपल्याकडे घडलें तें याच्या उलट. येथें संशोधनास कोणी अडविलें नाहीं, आणि संशोधनाच्या पोटांतूनच व्यापार जन्मास आला. इ.स. १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत गर्भजलपरीक्षा सुरू झाली. तिचा हेतु गर्भाचे आनुवंशिक दोष ओळखण्याचा होता. पण मुलगी आहे असें कळतांच गर्भ पाडण्याकडे लोकांचा कल दिसूं लागला. इ.स. १९७८ सालीं मध्यवर्ती सरकारनें सरकारी रुग्णालयांत लिंगपरीक्षेस मनाई केली, तेव्हां ही विद्या खासगी दवाखान्यांत गेली. इ.स. १९७१ च्या कायद्यानें गर्भपात कांहीं कारणांसाठीं वैध झाला होता. त्या उपकारक कायद्याच्या आडोशास हा अपकार लपला. इ.स. १९८६ सालीं डॉ. संजीव कुलकर्णी यांनीं मुंबईंतील स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तींत शेंकडा ८४ जण लिंगनिदानासाठीं ही परीक्षा करीत असल्याचें आढळलें.

त्याच वेळीं मुंबईंत स्त्रीसंघटना, वैद्य व शास्त्रज्ञ यांनीं मिळून चळवळ उभारिली, आणि विधानसभेंत मृणाल गोरे यांनीं हा प्रश्न लावून धरिला. परिणामीं इ.स. १९८८ सालीं महाराष्ट्रानें प्रसवपूर्व निदानतंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. हिंदुस्थानांत असा कायदा करणारें हें पहिलें राज्य होय. मध्यवर्ती कायदा इ.स. १९९४ सालीं झाला व १ जानेवारी १९९६ पासून अंमलांत आला. तो कागदावरच राहतो असें पाहून मुंबईची सेहत व पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनीं इ.स. २००० सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. न्यायालयानें कडक हुकूम दिले, आणि इ.स. २००३ च्या सुधारणेनें गर्भधारणेपूर्वींची लिंगनिवडहि गुन्हा ठरली.

या कायद्याचें कलम ‘३ अ’ आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें आहे. स्त्री, पुरुष, किंवा त्यांच्यापासून मिळालेली ऊति, भ्रूण, द्रव व बीजपेशी यांपैकीं कशावरहि लिंगनिवड करण्यास त्यानें सर्वांस, वंध्यत्वावरील तज्ज्ञांससुद्धां, बंदी घातली. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत, पुन्हां घडल्यास पांच वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला, आणि दोषी डॉक्टरचें नांव वैद्यक परिषदेच्या नोंदवहींतून काढण्याची तजवीज केली. उलट गुणसूत्रदोष, रक्ताचे आनुवंशिक विकार, जन्मजात व्यंगें इत्यादि शोधण्यास मोकळीक ठेविली. म्हणजे विद्या बंद केली नाहीं. तिचा एक हेतु बंद केला. लशीच्या जुन्या कायद्याचीच ही रीत होय.

याहून मोठी गोष्ट कलम २४ मध्यें आहे. परीक्षा करवून घेणाऱ्या गर्भिणीवर ती पतीनें वा नातलगांनीं सक्तीनें लादिली असेंच, उलट सिद्ध होईपर्यंत, न्यायालयानें गृहीत धरावें, असें तें सांगतें. काशीबाईच्या खटल्यापासून या कलमापर्यंत सव्वाशेंहून अधिक वर्षें गेलीं. ताराबाईंनीं विचारलेल्या प्रश्नास कायद्यानें दिलेलें हें पहिलें धडधडीत उत्तर आहे.

पुढें इ.स. २०२१ च्या प्रजननसाहाय्य तंत्राच्या कायद्यानें मानवी बीजपेशी व भ्रूण संशोधनासाठीं परदेशीं पाठविण्यास संपूर्ण बंदी केली, आणि देशांतील असें संशोधन विहित नियमांप्रमाणेंच व्हावें असें ठरविलें. औषधांच्या चांचणींत भाग घेतल्यामुळें पोटांतील मुलास इजा झाली, तर भरपाई द्यावी, हा नियम इ.स. २०१३ पासून आहे व इ.स. २०१९ च्या नव्या नियमांतहि तो ठेविला आहे.

५

एवढ्यावरून बंदी जितकी अधिक तितकें मूल सुरक्षित, असा समज कोणी करून घेऊं नये. नवजातावरील संशोधन थांबलें असतें, तर काय गमावलें असतें, याचीं दोन उदाहरणें महाराष्ट्रांतच आहेत. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांस शिकवून घरींच नवजाताची काळजी घेण्याचा प्रयोग केला. जंतुदोषाची लक्षणें दिसल्यास त्या आरोग्यदूत प्रतिजैविकाचें इंजेक्शनहि देत. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातमृत्यु, प्रयोग नसलेल्या गांवांच्या मानानें, शेंकडा ६२ नीं घटले. हा निबंध इ.स. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या पत्रांत आला, इ.स. २०११ पासून ही पद्धति ‘आशा’ सेविकांमार्फत देशभर स्वीकारण्यांत आली. नोंदणी नसलेल्या व्यक्तीनें वैद्यकी करणें इ.स. १९६१ च्या राज्य कायद्यानें गुन्हा आहे, हें लक्षांत घेतलें, म्हणजे अशा प्रयोगास केवढी जबाबदारी पत्करावी लागते तें कळेल. दुसरें उदाहरण पुण्याजवळच्या सहा खेड्यांचें. तेथें डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं इ.स. १९९३ पासून गर्भधारणेपूर्वींपासून मातांच्या नोंदी ठेविल्या. मुलें सरासरी २.७ किलो वजनाचीं, म्हणजे इंग्लंडांतील मुलांहून पुष्कळ हलकीं, पण अंगीं चरबी मात्र त्या मानानें राखलेलीं, असें दिसलें. मधुमेहाचें मूळ गर्भापर्यंत जातें, हा विचार अशा पुराव्यावर दृढ झाला.

उलट बाजूस पाहतां कायदा असूनहि हानि थांबली नाहीं. सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागें मुली महाराष्ट्रांत इ.स. १९९१ सालीं ९४६ होत्या, २००१ सालीं ९१३ व २०११ सालीं ८९४ झाल्या. पुणें जिल्ह्यांत, ज्यांत मावळ येतें, त्या २००१ सालीं ९०२ व २०११ सालीं ८८३ होत्या. इ.स. २०१२ सालीं परळी येथें गर्भपातांत एका स्त्रीचा मृत्यु झाला, इ.स. २०१७ सालीं सांगली जिल्ह्यांतील म्हैसाळ येथें ओढ्याकांठीं पुरलेले १९ गर्भ सांपडले. तेव्हां नोंदी नीट ठेवणें ही केवळ कारकुनी बाब आहे, हें म्हणणें सर्वोच्च न्यायालयानें इ.स. २०१९ सालीं फेटाळलें, यांत नवल नाहीं. गर्भाची हत्या कागदांतूनच लपविली जाते, आणि कागदांतूनच ती पकडावी लागते.

तथापि घाटावरून पाहणाऱ्यास दुसरी बाजूहि दिसते. इ.स. २०१२ च्या नियमांनीं एका डॉक्टरास एका जिल्ह्यांत दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करण्याची मर्यादा घातली व हातीं नेण्याजोगीं यंत्रें बाहेर नेण्यावर निर्बंध आणिले. पळवाट बुजविण्यास हें अवश्य होतें. पण पुण्या-मुंबईसारख्या शहरांत या नियमाची झळ फारशी लागत नाहीं. आंदरेच्या किंवा पवनेच्या खोऱ्यांत, पावसाळ्यांत ओढे भरले असतां, यंत्र गर्भिणीकडे येऊं शकत नाहीं, गर्भिणीनेंच यंत्राकडे जावयाचें. फिरत्या वैद्यकीय पथकांस नियमांत वाव ठेविला आहे. ती पथकें अशा खोऱ्यांत नेमानें पोहोंचतील तरच बंदीचा भार दुबळ्यांवर पडणार नाहीं.

आणि शेवटीं, कायद्याचें बोट पुरतें वळलेलें नाहीं असें आम्हीं आरंभीं म्हटलें, त्याचें कारण. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंग्रहाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. पूर्वींचें कलम ३१२ तींत ८८ वें झालें. जन्म लपविण्याचें ३१८ वें कलम ९४ वें झालें. आंकडे बदलले, पण स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीहि अपराधी, हें इ.स. १८६० चें स्पष्टीकरण तसेंच राहिलें. म्हणजे आज एकाच देशाच्या दोन कायद्यांत एकाच गर्भिणीकडे दोन दृष्टींनीं पाहिलें जातें : एक तिला सक्तीखालीं असलेली मानतो, दुसरा तिला आरोपी म्हणून उभी करतो.

दंडविधि मुलाच्या रक्षणासाठीं असेल, तर त्यानें हेतु पाहावा, हात पाहावा व सत्ता कोणाच्या हातीं आहे तें पाहावें. दोनशें वर्षांच्या या हकीकतींत जेथें जेथें कायद्यानें अशी पारख केली, तेथें विद्याहि वाढली व मूलहि वांचलें. जेथें त्यानें सर्वांत दुबळ्या व्यक्तीस सर्वांत आधीं धरिलें, तेथें फुल्यांच्या पत्रांतील पस्तिसांपैकीं पांचांचाच हिशेब हातीं राहिला.